चिमूटभर मीठ आणि बावीस ग्रॅमचा दगड

ऑफिसात सगळे त्यांना मिलिग्रॅम म्हणायचे. समोर 'साहेब', आणि पाठ वळली की 'मिलिग्रॅम'. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईटही वाटत नसे. किलोग्रॅम म्हणाले असते तर वाटलं असतं, कारण अंगानं ते काडीपैलवान, म्हणजे तो सरळसरळ टोमणा झाला असता. मिलिग्रॅम म्हणण्यात निदान कामाची कदर होती.

नोकरी संपली, साहेब म्हणणारे पांगले, मिलिग्रॅम म्हणणारेही पांगले. पण वजनमापांच्या खात्यात जन्म गेलेल्या माणसाच्या घरातून तराजू कसा जाईल? स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात, साखरेच्या डब्याशेजारी, काचेच्या पेटीत एक लहानसा तराजू होता. सकाळी भाजी शिजत आली की मिलिग्रॅम पेटीचं दार वर सरकवत, चिमट्यानं एका पारड्यात इवलीशी वजनं ठेवत आणि दुसऱ्यात मीठ सोडत. दांडी थरथरून स्थिर होईपर्यंत श्वासही जपून घेत. पाचशे नव्वद मिलिग्रॅम. मग ते मीठ भाजीत जाई.

या आकड्यामागे एक गोष्ट होती.

लग्न नवं होतं तेव्हाची. एकदा बायको दोन दिवस आजारी पडली आणि स्वयंपाक यांच्यावर आला. अंथरुणातून ती सांगत होती, "थोडं तेल. आता चिमूटभर मीठ."

"चिमूटभर म्हणजे किती?"

"अहो, चिमूटभर म्हणजे चिमूटभर."

"पण कुणाची चिमूट? तुझी की माझी?"

ती कपाळाला हात लावून हसत सुटली. ताप होता तरी हसली. पण मिलिग्रॅमना हसू येईना. त्यांच्या दृष्टीनं हा गंभीर प्रश्न होता. ज्या मापाला ठरलेली किंमत नाही ते माप कसलं? ती बरी झाल्यावर त्यांनी रीतसर प्रयोग मांडला. रोज तिनं मीठ घ्यायचं, पण भांड्यात टाकायच्या आधी कागदाच्या कपट्यावर ठेवायचं. हे तोलणार, आकडा लिहिणार, मग मीठ भांड्यात. तिनं बरेच दिवस हे चालवून घेतलं. वर म्हणायची, "सोनाराच्या घरी दिली असती बापानं, तरी इतकी तोलली गेले नसते." शेवटी सरासरी निघाली. तिची चिमूट म्हणजे एक ग्रॅम आणि वर एकशेऐंशी मिलिग्रॅम. दोन-तीन आकडे फारच जास्तीचे पडले होते, ते त्यांनी खात्याच्या नियमाप्रमाणे हिशेबातून काढून टाकले. उरलेल्या आकड्यांपासून फार लांब पडलेला आकडा म्हणजे तोलणाऱ्याची चूक, असा तो नियम होता.

"माझी काही चूकबिक नव्हती हां," ती म्हणाली होती. "मी मीठ मोजत नाही, बघते."

"काय बघतेस?"

"भाजीकडे बघते. आणि तुमच्याकडे बघते."

"माझ्याकडे बघून मीठ कसं कळेल?"

"राहू द्या. ते तुमच्या तराजूत नाही यायचं."

ती गेल्याला आता काही वर्षं झाली होती. दोघांची भाजी एकाची झाली, म्हणून मिलिग्रॅमनी आकडा निम्मा केला. गणित बरोबर होतं. चव मात्र एक दिवसही आली नाही.

तसं बघितलं तर जुन्या मापांना नव्यात आणणं हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. सरकारनं जुनी वजनं मोडीत काढून किलो आणला तेव्हा ते नुकते चिकटले होते. बगलेत तक्ता, हातात पितळी वजनांची पेटी, आणि बाजारोबाजारी फिरून लोकांना समजवायचं की एका शेराचे नऊशे तेहतीस ग्रॅम होतात. लोक ऐकून घेत आणि जुन्या शेरानंच तोलत. एका भाजीवाल्या आजीबाईंनी तर भर बाजारात विचारलं होतं, "तुझ्या किलोत माझा शेर मावतो का रे बाबा?"

"मावतो आजी. वर थोडी जागासुद्धा उरते."

"मग त्या उरल्या जागेत काय घालू, तुझं डोकं?"

सगळा बाजार हसला होता. बोलण्यात त्या आजी शेरास सव्वाशेर होत्या, याला किलोतही तोड नव्हती.

पुढे ते निरीक्षक झाले, आणि मग त्यांचं खरं वैर जडलं ते पासंगाशी. तराजू जुना झाला की त्याची एक बाजू थोडी झिजते, पारडी रिकामी असतानाच दांडी कलते. नवा तराजू घ्यायचा तर पैसे पडतात. मग दुकानदार काय करतो? रस्त्यातला एखादा खडा उचलतो, हलक्या पारड्याखाली दोरीनं बांधतो आणि दांडी बघतो. खडा जड झाला तर पायरीवर घासतो. घासायचा, बांधायचा, बघायचा. पुन्हा घासायचा. दांडी सरळ झाली की झालं. तो खडा म्हणजे पासंग. त्याचं स्वतःचं वजन किती हे कुणी विचारत नाही, कारण त्यानं काही तोलायचंच नसतं. लोकही म्हणतातच की, अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

कायद्याला पासंग चालत नसे. मिलिग्रॅम दुकानात शिरले की आधी वाकून पारड्याखाली बघत, आणि दोरी दिसली की कात्री. दुकानदार गयावया करत, "साहेब, हा काढलात तर तराजू खोटा पडेल हो!" मिलिग्रॅम म्हणत, "तो खोटा आहेच. नवा घ्या." जप्त केलेले खडे ऑफिसात एका डब्यात पडत आणि डबा भरला की मागच्या अंगणात ओतला जाई. असे किती खडे त्यांच्या तळहातावरून गेले असतील त्याला गणती नाही. डोळे मिटून हातात दिला तरी हा पासंग आहे की नाही ते त्यांनी सांगितलं असतं.

निवृत्तीनंतर बायको होती तोवर दिवस भरलेले होते. ती गेल्यावर दिवसाला आकारच राहिला नाही. सकाळचं मीठ तोलून झालं की पुढे तोलण्यासारखं काही नसे. शेजारी भले होते, पण त्यांना त्यांचे व्याप. धाकटी बहीण दुसऱ्या गावी, भरल्या घरात. ती दर रविवारी फोन करी आणि फोनवरच भांडे.

"दादा, इकडे ये राहायला. किती वेळा सांगायचं?"

"येईन, येईन."

"कधी? मी गेल्यावर तेराव्याला?"

"तोंडाला काही हाड आहे का गं तुझ्या?"

"हाडं तुझी मोजायला पाहिजेत. काय खातोस, कसा राहतोस, देव जाणे."

मिलिग्रॅमना जायचं नव्हतं असं नाही. पण तिच्या घरात सुना होत्या, नातवंडं होती, प्रत्येकाची जागा ठरलेली होती. आपण जाऊन कुठे बसायचं, हे त्यांना कळत नसे. आजवर ते जिथे गेले तिथे हातात वजनांची पेटी होती. पेटीवाल्या माणसाला कुणी विचारत नाही की आलात कशाला. नुसतंच जाऊन बसायचं म्हणजे त्यांना घाम फुटे.

अशात संग्रहालयातून बोलावणं आलं.

गावाबाहेरच्या एका जुन्या टेकाडात खोदकाम झालं होतं आणि त्यात दगडी वजनांचा एक संच सापडला होता. एका जुन्या, नाव विसरलेल्या बाजाराची ती वजनं. संग्रहालयात जुन्या वस्तूंचा विभाग सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, वयानं मिलिग्रॅमच्या मुलीसारख्या, मुलगी असती तर. त्यांना हवं होतं ते हे, की प्रत्येक दगड नीट तोलावा, कुणाचा टवका उडाला असेल तर तो किती याचा अंदाज बांधावा, आणि त्या लोकांचं मूळ परिमाण आजच्या ग्रॅममध्ये किती भरतं ते काढावं. मग त्याचा तक्ता दालनात लागणार होता.

"आमच्याकडे विजेवरचा काटा आहे, काका," बाई म्हणाल्या, "पण इथली वीज अशी की त्याच दगडाचं वजन सकाळी एक सांगतो आणि दुपारी दुसरंच. जुना चांगला तराजू आहे एक. पण तो कुणाला लावता येत नाही."

"मी लावतो," मिलिग्रॅम म्हणाले. फार दिवसांनी त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला.

त्यांना मागच्या बाजूची एक खोली मिळाली. उत्तरेला खिडकी, भिंतीत बसवलेली दगडी फळी, तिच्यावर काचेच्या पेटीतला तराजू, एक कपाट, एक स्टूल, पाणी उकळायची विजेची किटली आणि दोन कप, त्यातला एक त्यांनीच घरून आणलेला. दुपारी बाई चहाला येत. चहा पिऊन होईपर्यंत थांबत, कामाचं बोलत, कधी घरचं बोलत. त्यांचा नवरा घोरतो हेसुद्धा एकदा बोलून गेल्या. मिलिग्रॅम त्या दिवशी घरी जाताना एकटेच हसत होते. एखाद्यानं आपल्यासमोर असं काही बोलावं याला किती काळ लोटला होता!

काम त्यांच्या हातचं होतं. दगड चौकोनी, गुळगुळीत, कडा जपून घडवलेल्या. एकाच्या दुप्पट दुसरा, त्याच्या दुप्पट तिसरा. सगळ्यांत धाकटा साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. ते त्या लोकांचं एकक, यात शंका नव्हती. फक्त नेमका आकडा काढायचा होता, आणि नेमकेपणा ही वेळ खाणारी गोष्ट. त्या फळीच्या समोर मधोमध एक खांब होता, त्यामुळे स्टूल डाव्या बाजूलाच ठेवावं लागे. आणि अशा नाजूक तराजूपाशी एका बाजूला माणूस बराच वेळ बसला की त्याच्या अंगाची ऊब दांडीच्या त्या टोकाला लागते. टोक केसाच्या कितव्या तरी भागानं लांबतं आणि आकडा सरकतो. दोन माणसं असली तर दोन बाजूंना बसतात, उबेला ऊब भेटते. एकट्यानं मात्र थोडं तोलायचं, उठून खिडकीशी जायचं, तराजू निवेपर्यंत बाहेर बघत राहायचं आणि मग परत यायचं.

बाई थट्टा करत. "काका, त्या काळच्या दुकानदारानं बघितली असेल का हो अशी ऊब?"

"त्यानं नसेल बघितली. पण मला दिसते ना."

"तुमच्या दोघांत दुकानदार सुखी."

तर त्या संचात एक दगड वेगळा होता. पहिल्याच दिवशी बाईंनी ट्रे समोर ठेवला आणि मिलिग्रॅमनी एकेक दगड हातात घेऊन बघितला, तेव्हाच तो त्यांच्या तळहातावर आला. बाकीचे चौकोनी, हा गोटा. बाकीचे सगळीकडून गुळगुळीत, याच्या एका अंगाला घासल्याचे ओरखडे, मधोमध एक उथळ खाच, दोरी बसावी इतकीच. हाताला क्षणात ओळख पटली. कात्रीनं सोडवलेल्या सगळ्या खड्यांची आठवण बोटांना झाली. हा पासंग होता. इतक्या युगांपूर्वीही कुणाचा तरी तराजू झिजला होता आणि कुणीतरी पायरीवर बसून हा घासला होता.

त्यांनी सांगायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हा गोटा मात्र कोडं आहे. बाकीचे तोलून झाले, याचा उलगडा झाला, की संपलं काम. मग ही खोली नाण्यांच्या विभागाला द्यायची आहे. ते मागेच लागलेत."

मिलिग्रॅमनी तोंड मिटलं.

"हा जरा वेगळा दिसतो," ते म्हणाले. "हा शेवटी बघू."

खोटं बोलले नव्हते. पण खरंही बोलले नव्हते. आणि एकदा मूग गिळून बसलं की ते मूग रोज गिळावे लागतात. आठवडे गेले. चौकोनी दगड एकेक करून तक्त्यात बसले. गोटा साध्या काट्यावर बावीस ग्रॅमच्या आसपास भरला. एककात बघायला गेलं तर दोनाहून जास्त, चाराहून बराच कमी, कुठेच न बसणारा. बाई चहाच्या वेळी कागद पुढे ओढून अपूर्णांक मांडत. "दोन आणि एक तृतीयांश? असं माप कोण ठेवेल, काका?" आणि मिलिग्रॅम म्हणत, "बघू. अजून नीट तोलायचाय." त्यांची बोटं कपाभोवती असत आणि नजर किटलीकडे.

रविवारी बहिणीचा फोन येई. "काय, झाले का तुझे दगड?"

"एक राहिलाय."

"गेल्या रविवारीही एकच राहिला होता."

"अवघड आहे तो."

"दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, दादा. मला वीट समज आणि ये इकडे. निदान मी बोलते तरी."

"तू बोलतेस हीच तर भीती आहे," ते म्हणाले, आणि दोघंही हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली. जन्मभर लोकांच्या पारड्यावरचे अंगठे पकडले. आता स्वतःचाच अंगठा पारड्यावर होता आणि तो उचलवत नव्हता.

एका दुपारी बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या, हातात छापील कागद घेऊन. परगावी अभ्यासकांची सभा होती, तिथे त्या या वजनांवर बोलणार होत्या.

"सापडलं, काका! म्हणजे मला तरी वाटतंय. त्या लोकांकडे दोन पद्धती असणार. एक दुपटीची, आणि दुसरी तिसऱ्या भागांची, कदाचित परक्या व्यापाऱ्यांसाठी. हा गोटा त्या दुसऱ्या पद्धतीचा. म्हणून तर घडण वेगळी! आणि हे बघा, इथे खाली तुमचा उल्लेख केलाय. वजनं यांनी तोलली म्हणून."

मिलिग्रॅमनी चष्मा लावला. दोन आणि एक तृतीयांश. शेजारी बाईंची दुसरी पद्धत, आणि खाली स्वतःचं नाव. त्यांचं नाव छापलेलं त्यांनी शेवटचं बघितलं होतं ते लग्नाच्या पत्रिकेत. बाईंचा चेहरा उजळला होता. त्या सभेत उभ्या राहून हे बोलणार. कुणीतरी एक पिकल्या केसांचा माणूस मागून उठेल आणि शांतपणे विचारेल की बाई, ती खाच कसली?

"हे वाचू नका सभेत," ते म्हणाले.

"का? आकडा चुकला?"

"आकडा ठीक आहे. दगड चुकला."

मिलिग्रॅमनी कपाटातून सुतळीचा तुकडा काढला, गोट्याच्या खाचेत गुंडाळला, गाठ मारली आणि हवेत धरला. गोटा खाचेत चपखल बसून लोंबत राहिला.

"जुन्या तराजूची एक बाजू हलकी झाली की तिथे असा बांधतात. पासंग."

बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला. मग बोटानं ओरखड्यांवरून चाचपत म्हणाल्या, "म्हणजे हे... दांडी सरळ होईपर्यंत घासलंय. म्हणून तो कशाच्याच पटीत नाही. कशाच्या पटीत असायचं कारणच नाही!" आणि त्या हसल्या, अगदी मोकळं. "अहो काका, हे तर त्या पद्धतीपेक्षा शंभर पटींनी चांगलं आहे! मला कसं सुचलं नाही? आमच्या आजोबांच्या दुकानातही होता एक, लोखंडाचा." मग त्यांचं हसू जरासं थांबलं. "तुम्हाला कधी कळलं?"

आता 'काल' म्हणता आलं असतं. 'आत्ताच, कागद वाचताना' म्हणता आलं असतं.

"पहिल्या दिवशी," मिलिग्रॅम म्हणाले. "हातात घेतला तेव्हाच."

किटलीतलं पाणी उकळायला लागलं आणि ती आपोआप बंद झाली.

"मी या एका दगडासाठी किती पत्रं लिहिली, काका. लोकांना विचारलं. तक्ता तीनदा बदलला. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

"हो."

"का नाही बोललात?"

मणभर काही तरी मिलिग्रॅमच्या छातीवर होतं आणि तोंडातून कणभर निघत होतं. "काम संपलं असतं," ते म्हणाले.

"मग? संपलं असतं तर संपलं असतं. तुम्हाला इथे यायला काम कशाला लागतं? चहाला यायचं नुसतं."

"लागतं," ते म्हणाले. "बिनकामाचं मी कधी कुठे गेलो नाही. जाता येत नाही."

बाईंचा राग पुरता गेला नव्हता, तो त्यांच्या हातात दिसत होता. त्यांनी चहा ओतला आणि कप जरा जोरातच ठेवला. पण त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अजून नीट तोललेला नाही ना हा?"

"नाही."

"मग तोलू या. मलाही बघायचंय कसं तोलता ते."

त्यांनी दाराजवळची खुर्ची ओढून खांबाच्या उजव्या बाजूला घेतली आणि बसल्या. मिलिग्रॅम डाव्या बाजूला स्टुलावर. सुतळी सोडून गोटा पारड्यात गेला. चिमट्यानं वजनं चढत गेली. बाई श्वास रोखून काट्याकडे बघत होत्या. त्या दिवशी खिडकीशी उठून जावं लागलं नाही. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. पारडी बदलून पुन्हा तोलला, तरी आकडा तोच. आठवडे लांबवलेलं काम चहा निवायच्या आत झालं.

"बावीस ग्रॅम, एकशेचौसष्ट मिलिग्रॅम," मिलिग्रॅमनी सांगितलं.

बाईंनी ते लिहिलं. "आणि त्यांच्या परिमाणात किती, त्या रकान्यात?"

"तिथे रेघ मारा."

"आणि हे ग्रॅम? ते तरी ठेवायचे का?"

"ठेवा. ती त्या तराजूची खोट आहे. तराजू गेला, खोट तेवढी राहिली."

बाईंनी रेघ मारली. मग त्या म्हणाल्या की दालनात त्या काळासारखा एक तराजू करून घेऊ आणि हा त्याच्या पारड्याखाली दोरीनं टांगू, म्हणजे लोकांना कळेल. आणि जायला निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "दालन उघडेल तेव्हा कळवते. ते काम आहे असं समजा." एवढं बोलून त्या गेल्या. त्यात माफी होती की नुसता चांगुलपणा, हे मिलिग्रॅमना कळलं नाही. माणसांच्या बाबतीत त्यांचा काटा नेहमीच आळशी होता.

त्यांनी पारडी पुसली, दांडी उचलून अडकवली, पेटीचं दार लावलं. आपला कप विसळला, कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. दुसरा कप पालथा घालून ठेवला. खाली दरवाज्यावरच्या रखवालदारानं खोलीची किल्ली घेतली आणि सवयीनं म्हणाला, "या साहेब, उद्या."

"उद्या नाही."

"मग परवा."

मिलिग्रॅमनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे रखवालदारानं आपलं ठरवावं.

घरी आले तेव्हा पाय जड झाले होते. खुर्चीत बसून त्यांनी फोन घेतला. रविवार नव्हता. बहीण घाबरलीच. "काय झालं दादा? बरा आहेस ना?"

"बरा आहे. दगड संपले."

पलीकडे घरातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी रडत होतं, कुणीतरी कुणाला ओरडत होतं.

"मग?" ती म्हणाली, आणि या खेपेला भांडली नाही.

"मग चार दिवस येईन म्हणतो. राहायला नाही. चार दिवस."

"ये. वजनकाटा घेऊन नको येऊस. नातवंडं मोडतील."

"बघतो," ते म्हणाले. काटा न घेता गेलं तर हात कुठे ठेवायचे, हा विचार फोन ठेवल्यावरही त्यांच्या मनात राहिला.

सकाळची भाजी संपली होती. त्यांनी नवी टाकली. शिजत आली तशी काचेची पेटी उघडली, मीठ तोललं, पाचशे नव्वद. पारडं भांड्यावर धरलं आणि तिथेच थांबले. हिशेबातून काढून टाकलेले ते दोन-तीन जास्तीचे आकडे त्यांना आठवले. ते कुठले दिवस असतील? बाजारात भांडण झालेला एखादा दिवस. एखाद्या गरीब दुकानदाराचा पासंग कापून, दिवसभर त्याचा चेहरा डोळ्यांपुढे घेऊन परत आलेला दिवस. ती भाजीकडे बघत होती आणि त्यांच्याकडे बघत होती. दमून आलेल्या माणसाला जरा जास्त लागतं, हे ती मोजत नव्हती, बघत होती. आणि त्यांनी नेमके तेवढेच आकडे चूक म्हणून टाकून दिले होते.

पारडं त्यांनी भांड्यात रिकामं केलं. मग डब्यात हात घातला आणि आणखी एक चिमूट घेतली, न तोलता, आपल्याच जाड बोटांनी. भाजीकडे बघितलं. स्वतःकडे बघता येईना, म्हणून ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात दिसणाऱ्या आपल्या वाकड्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चिमूट सोडली.

भाजी खारट झाली. त्यांनी भात थोडा जास्त वाढून घेतला आणि जेवले.